डॉक्टरांची १९७२ ची फियाट : सोलापुरातल्या एका दुरुस्तीचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूरच्या रेल्वे लाइन्स भागातल्या एका बंगल्याच्या मागच्या शेडमध्ये फिकट राखाडी रंगाची फियाट ११०० डी सोळा वर्षं उभी होती. मालक डॉक्टर होते. फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे ते दिवस. १९७२ साली त्यांची गाडी आली, आणि पुढची तीस-बत्तीस वर्षं रात्री-अपरात्री गिरणी कामगारांच्या चाळीत व्हिजिटला जायला हीच गाडी होती. २००६ मध्ये डोळ्यांनी साथ सोडल्यावर त्यांनी स्टिअरिंग सोडलं. २०१९ मध्ये ते गेले. घरात त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, वय ८२, आणि बँकेतून निवृत्त झालेला थोरला मुलगा. धाकटा पुण्यात नोकरीला.

ओळख पटू नये म्हणून काही खुणा बदलल्या आहेत. गाडीबद्दलचं सगळं मात्र जसं घडलं तसंच आहे.

माझा संबंध एवढाच की मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं आणि या गाड्यांवर माझा जीव आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर कंपनी काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही फियाट बनली. सोलापूरकराला तिच्याबद्दल आपलेपणा वाटतो तो म्हणूनही. १९७४ पासून हीच गाडी पद्मिनी नावाने विकली जाऊ लागली आणि शतक संपेपर्यंत निघत राहिली. या सातत्यामुळेच तिचे सुटे भाग अजून मिळतात.

अडचण

डिसेंबर २०२२ मध्ये थोरल्यांनी मला बोलावलं, तोवर एक चूक होऊन गेली होती. इंजिन जाम आहे हे दिसत असताना त्यांनी शेजाऱ्यांच्या जीपला दोर बांधून गाडी तिसऱ्या गेअरात ओढली होती. पहिल्या खेपेला मागची चाकं न फिरता फरशीवर घासत गेली. दुसऱ्या खेपेला झटका दिला तेव्हा इंजिन फिरलं, पण आतून ‘कट्’ असा आवाज आला. त्या आवाजाने ते घाबरले आणि थांबले. थांबले ते बरं केलं.

वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीला गंज धरतो आणि पिस्टनच्या रिंगा तिथेच चिकटतात. अशा वेळी चारही प्लग काढायचे, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ ऑइल मिसळून ओतायचं, आठ-दहा दिवस तसंच ठेवायचं आणि मग हँडलने हळूहळू पुढे-मागे करत इंजिन मोकळं करायचं. खर्च फार तर दोन-तीनशे रुपये. दोर लावून ओढल्यामुळे तिसऱ्या सिलिंडरच्या दोन रिंगा तुटल्या आणि भिंतीला ओरखडा पडला, हे नंतर हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवल्यावर दिसलं.

बाकी दुखणी अपेक्षितच होती. ब्रेकचा पेडल तळाला जात होता, वायरिंग उंदरांनी खाल्लं होतं, पेट्रोलच्या टाकीत गंजाचा चुरा खुळखुळत होता. आरसीची, म्हणजे नोंदणीपत्राची, मुदत २०१७ मध्ये संपली होती आणि नाव अजून डॉक्टरांचंच होतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय विकून टाकण्याचा. मुंबईकडचा एक हौशी ग्राहक आहे त्या अवस्थेत ९० हजार द्यायला तयार होता. दुसरा पर्याय थोरल्यांच्या मित्राने सुचवला: जुनं इंजिन भंगारात घाला आणि छोट्या मारुतीचं बसवा. मी याला ठाम विरोध केला. एक तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. त्याहून मोठं कारण म्हणजे ते १०८९ सीसीचं इंजिन आणि स्टिअरिंगवरचा गेअर काढल्यावर त्या गाडीत डॉक्टरांचं काय उरणार होतं?

तिसरा पर्याय धाकट्यांच्या मनात होता. सगळी गाडी सुटी करायची, नवा रंग, नवं क्रोम, प्रदर्शनात ठेवण्यासारखी करायची. अंदाज पाच लाखांच्या पुढे. चौथा पर्याय, जो अखेर ठरला, तो मध्यममार्गी होता. यंत्र आणि ब्रेक नीट करायचे, पत्र्याला लागेल तेवढाच हात लावायचा, जुना रंग जिथे टिकला आहे तिथे तसाच ठेवायचा.

ठरवण्याआधी मी दोघा भावांना समोर बसवून विचारलं, “गाडी कशासाठी हवी आहे?” धाकटे म्हणाले, रॅलीत न्यायला. थोरले म्हणाले, रविवारी सकाळी सात रस्त्यापर्यंत एक चक्कर. मी ते लिहून घेतलं. काकू आतल्या खोलीत होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही, मीही नाही.

इंजिन आधी

काम कुठून सुरू करायचं यावर उस्तादांचं आणि माझं थोडं वाजलं. उस्ताद म्हणजे अक्कलकोट रोडकडचे मिस्त्री, फियाट आणि अॅम्बेसेडरवर चाळीस वर्षं घालवलेले. ते म्हणाले, “आधी गाडी वर घ्या की ओ, खालून बगू. इंजिन कुठं पळून जातंय?”

त्यांचं बरोबर होतं. पण भावांना इंजिनचा आवाज ऐकायची घाई होती आणि मला त्यांचा उत्साह मोडवत नव्हता. मी वाकून बॅटरीच्या उजेडात खालून पाहिलं. सगळीकडे डांबराचा जाड काळा थर होता, कुठे भोक नाही, कुठे पापुद्रा नाही. सोलापूरची हवा कोरडी. मुंबईत उभी राहिलेली फियाट पाच वर्षांत खालून चाळण होते, तसं आपल्याकडे होत नाही, असा माझा अनुभव होता. पत्रा चांगला आहे असं मी सांगून टाकलं. स्क्रू ड्रायव्हरने एकदाही टोचून पाहिलं नाही.

इंजिन उतरवलं. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६८ मिलिमीटर. तिसऱ्या सिलिंडरचा ओरखडा घालवायला चारही सिलिंडर आतून कोरून थोडे मोठे करावे लागले. पिस्टन आणि रिंगा सिकंदराबादच्या राणीगंजात मिळाल्या. सोलापूरच्या मिस्त्रींचा तिकडे तेलुगूतून चांगला संबंध आहे, फोनवर काम झालं. हेड अॅल्युमिनियमचं. त्याच्या पाण्याच्या वाटा क्षारांनी अर्ध्या बुजल्या होत्या, कारण रेडिएटरमध्ये आयुष्यभर बोअरवेलचं जड पाणी घातलं गेलं होतं. ते सगळं खरवडून, हेड प्लेन करून, व्हॉल्व्ह घासून घेतले. आता त्यात शुद्ध पाणी आणि कूलंट एवढंच जातं.

टाकी उतरवून धुतली. नवं वायरिंग ओढलं, ते मूळ रस्त्याने, म्हणजे दाराखालच्या पत्र्याला लागून मागे. सीटचं कापड बदललं, खाली नवीन कार्पेट घातलं. ब्रेकच्या व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडरची किट बदलली. मे २०२३ मध्ये चोक ओढून सेल्फ मारला आणि दुसऱ्याच प्रयत्नात इंजिन धरलं. थोरले शेडच्या दाराला टेकून उभे होते, ते तसेच खाली बसले. तोवर १ लाख १० हजार रुपये खर्च झाले होते.

दार लागेना

दोन दिवसांनी होटगी रोडला चाचणी घेतली. एका गतिरोधकावरून गाडी उतरली आणि त्यानंतर डावीकडचं पुढचं दार नीट लागेना. दाराचा बिजागर सैल असेल म्हणून परत आणून जॅक लावला, तर गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच पत्र्यात घुसला. डांबराची मोठी खपली पडली, आणि तिच्यामागून तपकिरी भुगा.

फियाटला ट्रकसारखी किंवा जीपसारखी वेगळी चेसिस नसते. तळाचा पत्रा, दाराखालच्या पेट्या आणि खांब मिळूनच तिचा सांगाडा होतो. दाराखालची पेटी सडली की गाडी मधून वाकायला लागते आणि सगळ्यात आधी ते दाराच्या फटीत दिसतं. म्हणजे आम्ही कणा मोडलेल्या माणसाचं हृदय दुरुस्त करून त्याला चालायला लावलं होतं. त्या दिवशी महामार्गावर असतो तर काय झालं असतं, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो.

संध्याकाळी सगळे गप्प बसलो होतो. काकू चहा घेऊन आल्या. काय झालं ते विचारलं, ऐकलं, आणि सहज म्हणाल्या, “तिथंच होणार ते. गाडी बुडाली होती तेव्हा तीच बाजू पाण्यात होती.”

कुणालाच काही माहीत नव्हतं. थोरले तेव्हा शिकायला बाहेरगावी, धाकटे पाचवीत. काकूंनी सगळं सांगितलं. एका पावसात नाल्यावरून पाणी चाललं होतं. डॉक्टर म्हणाले, निघेल गाडी. ती निघाली नाही. डाव्या बाजूला कलून सीटपर्यंत पाण्यात गेली आणि दोन दिवस तिथेच राहिली. “मग यांनी खालून पत्रे मारून घेतले आणि डांबर लावून आणलं. तेव्हापासून माझ्या पायाखालून कायम कुबट वास यायचा. मी म्हणायचे यांना, कार्पेट काढून बघा. हे म्हणायचे, पेट्रोलचा असेल.”

त्या दोन वाक्यांत पूर्ण निदान होतं. सडलेला पत्रा न कापता त्याच्यावर दुसरा पत्रा मारला, दोघांच्या मध्ये ओल राहिली, बाहेरून डांबराने तिला बाहेर पडायची वाट बंद केली. कोरड्या हवेचा काही उपयोग नव्हता, कारण हवा तिथे पोचतच नव्हती. आणि डाव्या सीटवर तीस वर्षं बसलेल्या बाईला तो वास ठाऊक होता.

पत्रा

इथे पुन्हा निर्णय घ्यायचा होता. धाकटे म्हणाले, आता विकून टाकू, झालेला खर्च तरी निघेल. पेटी सडलेली आहे हे ग्राहकाला सांगून विकली तर इंजिनवर घातलेले पैसेही निघत नव्हते, आणि न सांगता विकायला थोरल्यांची तयारी नव्हती. काकूंनी एकच विचारलं, “नीट होईल का?” उस्ताद म्हणाले, “होईल काकू, पण घाई करायची न्हाई.”

घाई का नाही, ते सांगतो, कारण बहुतेक गाड्या इथेच बिघडतात. पेटी कापण्याआधी गाडी सपाट जागी चार ठिकाणी टेकू देऊन आधी होती तशी सरळ बसवावी लागते. दारं काढायची नाहीत, लावूनच ठेवायची, कारण फट सारखी आहे की नाही हे मोजायचं तेच साधन. खांबापासून खांबापर्यंत आत आडवा पाइप टाचून घ्यायचा. एका वेळी एकच बाजू कापायची. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर गाडी पिळते आणि ती नंतर कधीच सरळ होत नाही. पत्रा अठरा गेजचा, वेल्डिंग गॅसच्या ज्योतीऐवजी विजेवरचं, सीओटूचं, तेही थोडं थोडं, जागा बदलत, म्हणजे पत्रा तापून सुरकुतत नाही. जोड झाल्यावर पेटीच्या आत गंजरोधक मेण फवारलं आणि तळाला पाणी निघून जायची मूळ भोकं, जी डांबराने बुजली होती, ती परत उघडी केली. डांबर परत लावलं नाही.

एक गोष्ट कटाक्षाने पाळली. चेसिस नंबर जिथे कोरलेला आहे त्या पत्र्याजवळ ग्राइंडर नेऊ दिला नाही आणि त्याच्यावर लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, लावू दिली नाही. तो नंबर पुसट झाला तर आरटीओसमोर गाडीची ओळखच संपते.

नवीन कार्पेट आणि नवीन वायरिंग मात्र सगळं उपसावं लागलं, टाकीही परत उतरवली. नुसता या दुबार कामाचा खर्च ३८ हजार. पत्रा, रंग धरून एकूण आकडा २ लाख ४० हजारांवर गेला आणि सात महिने आणखी लागले. रंग फक्त कमरेखाली नवा आहे. छत, बॉनेट आणि डिकी डॉक्टरांच्या वेळचीच, थोडी फिकी, आणि मला ती तशीच आवडते.

कागदपत्रं

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये वेगळे नियम केले. व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, शुल्क २० हजार, मुदत दहा वर्षं. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मी भावांना हाच मार्ग सुचवला होता. गाडी पन्नाशी ओलांडलेली, मूळ रूपातली, आणि तो मान तिला मिळावा असं मनापासून वाटत होतं.

अर्ज भरायच्या आदल्या दिवशी काकू म्हणाल्या, “अक्कलकोटला जाता येईल ना? यांच्याबरोबर शेवटचं गेले तेव्हा याच गाडीतनं गेले होते.”

व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्तीला नेणं, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. आईला देवदर्शनाला नेणं त्यात बसत नाही. आम्ही अर्ज बाजूला ठेवला आणि साध्या नूतनीकरणाचा रस्ता धरला. त्यालाही क्रम होता. आधी वारसाच्या नावे हस्तांतर, नमुना ३१, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती. खरं तर हा अर्ज मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत करायचा असतो. मग विमा, कारण त्याशिवाय गाडी तपासणीला रस्त्यावर आणणंच बेकायदा. मग नमुना २५, पर्यावरण कर, उशिराचा दंड आणि प्रत्यक्ष तपासणी. नूतनीकरणाचं शुल्क तेव्हा ५ हजार होतं. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांहून जुन्या खासगी मोटारींना ते १० हजार झालं आहे. मुदत पाच वर्षं. दर पाच वर्षांनी पुन्हा हे करावं लागेल, पण गाडी कुठेही नेता येते.

निष्पत्ती

जानेवारी २०२४ मध्ये, गड्ड्याची जत्रा चालू असताना, गाडी कागदोपत्री जिवंत झाली. पुढच्या गुरुवारी काकू डाव्या सीटवर बसून अक्कलकोटला गेल्या. चाळीस किलोमीटर, ताशी पन्नासच्या आत. मी मागे बसलो होतो. स्टिअरिंगवरचा गेअर टाकताना थोरल्यांचा दुसरा गेअर करकरला तेव्हा काकू समोर बघतच म्हणाल्या, “क्लच पूर्ण दाब. हेही विसरायचे.”

एप्रिलमध्ये दुसऱ्या फेरीला परतताना वळसंगच्या पुढे गाडी बंद पडली. ऊन चाळिशीच्या वर. पेट्रोलपंप इंजिनलाच बसवलेला असल्याने तो तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि कार्बोरेटरला पेट्रोल पोचत नाही. थोरले मला फोन लावत होते, तोवर काकूंनी पिशवीतून फडकं आणि पाण्याची बाटली काढून दिली. पंपावर ओलं फडकं पाच मिनिटं ठेवलं आणि गाडी चालू झाली. ते फडकं काकू घरातून निघतानाच घेऊन बसल्या होत्या.

नंतर आम्ही पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब वळवली. सगळे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारे घातले. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, इथेनॉल इथेच तयार होतं, पण १९७२ च्या रबराला ते मानवत नाही. ते फुगतं आणि तडकतं. शिवाय इथेनॉल ओल ओढतं. म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवायची, असं ठरलं आहे. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत परत यायचं, हेही.

वेगळं काय करता आलं असतं

ओढण्याचा प्रकार टळला असता तर बोअरिंगचा खर्च बहुधा वाचला असता. पण ती चूक घरच्यांच्या अधीरतेची होती आणि समजण्यासारखी होती. पत्र्याची चूक माझी. उस्ताद सांगत असताना मी ऐकलं नाही. जाड डांबर हे चांगल्या पत्र्याचं लक्षण समजलो, खरं तर तेच संशयाचं कारण व्हायला हवं होतं: कारखान्यातून आलेल्या गाडीला एवढा थर नसतो, म्हणजे मध्ये कुणीतरी काहीतरी झाकलं आहे. एका टोकदार स्क्रू ड्रायव्हरचं आणि दहा मिनिटांचं काम होतं. ते केलं असतं तर आधी पत्रा, मग ब्रेक, मग वायरिंग आणि इंजिन शेवटी, असा क्रम लागला असता.

दुसरी चूक जास्त सलते. गाडीभोवती आम्ही चार पुरुष पाच महिने होतो. बोअर किती, गेज किती, सगळं मोजत होतो. त्या गाडीत सगळ्यात जास्त बसलेलं माणूस वीस पावलांवर स्वयंपाकघरात होतं आणि त्यांच्याकडे आम्ही फक्त चहा मागितला. ही गाडी कधी पाण्यात गेली होती का, कुठे आपटली होती का, कुठल्या बाजूने आवाज किंवा वास यायचा, हे तीन प्रश्न पहिल्या दिवशी विचारले असते तर साधारण पन्नास हजार रुपये आणि सात महिन्यांतले निदान चार महिने वाचले असते. आणि गाडी कशासाठी हवी हे त्यांनाही विचारलं असतं तर व्हिंटेज नोंदणीचं चक्करही झालं नसतं.

आता कुणी जुनी गाडी दाखवायला बोलावलं तर मी शेडमध्ये जायच्या आधी घरात बसतो. वही उघडतो आणि घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाला बोलतं करतो. आत्या, आजी, कधी जुना ड्रायव्हर. मिनिट-दोन मिनिटं ते लग्नं-मुंजी सांगतात, आणि त्यातच कुठेतरी “तेव्हा गाडी घाटात तापली होती” असं निघतं.

त्यानंतर

गेल्या पावसाळ्यात थोरल्यांचा फोन आला. काकू म्हणत होत्या, पायाखालून पुन्हा थोडा वास येतोय. या वेळी कुणी पेट्रोलचा असेल म्हणालं नाही. त्याच दुपारी कार्पेट उचललं. खालचं नमदं डाव्या कोपऱ्यात ओलं होतं. पुढच्या काचेचं रबर एका जागी आक्रसलं होतं आणि पाणी तिथून आत उतरत होतं. पत्र्याला अजून काही झालेलं नव्हतं. रबर बदललं, नमदं दोन दिवस गच्चीवर उन्हात वाळत घातलं, आणि परत घालण्याआधी काकूंनी ते नाकाजवळ नेऊन पाहिलं.